प्रेरणा आणि पेरणी : एका क्रियापदाच्या अर्थाचा शोध

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याच्या उत्तरात 'दलित साहित्यामागील पेरणा' असे शब्द आढळले. लेखणीची घसरण म्हणून सोडून द्यावे, तर पुढील चार पानांत हाच शब्द तसाच आणखी पाच वेळा आला होता. 'साहित्याच्या प्रेरणा' हा आपल्या अभ्यासक्रमांतला ठरलेला प्रश्न. त्यातल्या कळीच्या शब्दातच जोडाक्षर चुकावे याचा राग येऊन मी सहाही ठिकाणी तांबड्या शाईने खूण केली, शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापला आणि पुढच्या उत्तराकडे वळलो. रात्री परळला परतताना गाडीत ध्यानात आले, की त्या विद्यार्थ्याने जे केले तेच कित्येक शतकांपूर्वी प्राकृत बोलणाऱ्यांनी केले होते. 'प्रेर'चे त्यांनी 'पेर' केले, आणि त्या 'पेर'पासूनच आपले 'पेरणे' आले. प्रेरणा आणि पेरणी ही एकाच घरातली भावंडे आहेत. एक पोथीतून आले, दुसरे तोंडातोंडी आले, आणि मराठी समीक्षेने पहिल्याला बैठकीत बसवून दुसऱ्याला शेतावर ठेवले.

प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे भावंड आहे. 'पेरणे' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'बी मातीत घालणे' असा नसून 'पुढे धाडणे, चालते करणे' असा आहे, आणि तो अर्थ आजच्या वापरातूनही पुरता गेलेला नाही, असे मला म्हणावयाचे आहे. हे केवळ कोशकाराच्या कुतूहलाचे प्रकरण असते, तर त्यासाठी या नियतकालिकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. परंतु बीज, माती, मूळ, अंकुर या शब्दांवर आपल्या समीक्षेची बरीच भिस्त आहे, आणि या सर्व नामांना ज्या क्रियेने अर्थ येतो त्या क्रियेचा विचार मात्र झालेला नाही. त्या दुर्लक्षाचा फटका एका विशिष्ट साहित्याला बसला आहे. ते साहित्य गिरणगावाचे.

प्रथम व्युत्पत्ती. संस्कृतातील 'ईर्' हा गतिवाचक धातू. त्याला 'प्र' हा उपसर्ग लागून 'प्रेरयति' हे प्रयोजक रूप होते. अर्थ : पुढे जावयास लावतो, हाकतो, धाडतो. गायत्री मंत्रातील 'प्रचोदयात्' या पदाचा अर्थ भाष्यकार 'प्रेरयेत्' असा देतात, तो याच धातूने. प्राकृतात आरंभीच्या जोडाक्षरातील 'र' गळतो आणि 'पेर' उरतो. या ध्वनिबदलात असाधारण असे काहीच नाही. 'प्रावृष्'चा पाऊस झाला, 'प्रस्थापय'चे पाठवणे झाले, 'प्रसर'चे पसरणे झाले, तसेच 'प्रेर'चे पेरणे झाले. या चारही शब्दांत 'प्र' दडलेला आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. पुढे, दूर, समोरच्या दिशेने असा त्या उपसर्गाचा भाव आहे. पाऊस, पाठवणे, पसरणे, पेरणे हे शब्द एका ओळीत ठेवून पाहिले, की चारांतही काहीतरी हातातून किंवा आभाळातून सुटून पुढे निघालेले दिसते.

ध्वनीच्या बाजूने अडचण नाही. अडचण आहे ती अर्थाच्या बाजूने. हाकणे, धाडणे या अर्थावरून बी जमिनीत घालण्याच्या अर्थावर भाषा कशी पोचली? या अंतरामुळेच काही जणांना दुसरी एक वाट सोयीची वाटते. उसाच्या किंवा बोटाच्या दोन सांध्यांमधल्या भागाला आपण 'पेर' म्हणतो. तो शब्द 'पर्वन्'पासून आलेला. उसाचे पेर जमिनीत घालतात, त्यावर डोळा असतो, डोळ्यातून कोंब फुटतो, म्हणून पेर घालणे ते पेरणे, अशी ही उपपत्ती. ऐकताना ती गोड वाटते, परंतु शेतकऱ्याच्या बोलण्यानेच ती निकालात निघते. ऊस कोणी पेरत नाही, ऊस लावतात. उसाची लावण किंवा लागण होते, पेरणी होत नाही. पेरतात ती ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा. हातातून सुटणारे, मोजता न येणारे दाणे. ज्या पिकावरून क्रियापद निघाले असे म्हणावयाचे, त्याच पिकाला ते क्रियापद चालू नये, ही गोष्ट कोशात बसून कळण्यासारखी नव्हती.

संस्कृतात पेरण्याचा धातू 'वप्' हा होता. उत्तरेच्या भाषांनी तो सोडला नाही. हिंदीतील 'बोना' आणि गुजरातीतील 'वाववुं' त्याचेच वंशज आहेत. पंजाबीने बीज या नामावरूनच 'बीजणा' असे क्रियापद पाडून घेतले. बंगालीत तर एक मोठी मौज झाली आहे : 'वप्'चे आणि विणण्याच्या धातूचे उच्चार झिजत झिजत एकमेकांत मिसळले आणि धान पेरणे व कापड विणणे या दोन्ही क्रियांना 'बोना' हा एकच शब्द उरला. आठ महिने साच्यावर उभे राहून पावसाच्या तोंडावर गावी शेत गाठणाऱ्या लालबागच्या विणकर कामगाराला बंगालीत एकाच क्रियापदावर वर्ष काढता आले असते. मराठीत 'वप्' बोलीच्या पातळीवर मागे पडला आणि पोथीतील दोन सामासिक शब्दांत राहिला : बीजवपन आणि केशवपन. संस्कृत 'वप्'ला विखुरणे आणि भादरणे असे दोन्ही अर्थ असल्याने ही विसंगत जोडी जमली. (त्यातील दुसऱ्या शब्दाशी या मुंबईचा संबंध आहे. ज्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली, त्यांच्याच पुढाकाराने १८९० मध्ये येथील नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता.)

मराठीने 'वप्' टाकून 'प्रेर्' का उचलला असावा? येथे दूरच्या एका भाषेची साक्ष उपयोगी पडते. आयरिश भाषेत पेरण्यासाठी जे क्रियापद वापरतात त्याचा उच्चार साधारणपणे 'कुर' असा होतो. बीजाला तेथे 'शील' म्हणतात (आपल्या शीलाशी त्याचा काही संबंध नाही, लॅटिनमधील सेमेन आणि इंग्रजीतील सीड ज्या धातूचे, त्याचेच ते). म्हणजे आयरिशने पेरण्याचा जुना धातू नामात जपला, परंतु क्रिया मात्र वेगळ्या धातूकडे सोपवली. प्राचीन आयरिशमध्ये या 'कुर'चा अर्थ टाकणे, फेकणे असा होता. आज त्याच एका क्रियापदाने आयरिश माणूस वस्तू ठेवतो, निरोप धाडतो, बी पेरतो, प्रेत पुरतो, आणि आभाळातून पाऊस किंवा बर्फ पडत असेल तर तेही याच क्रियापदाने सांगतो. कोशात हे अर्थ क्रमांक देऊन एकाखाली एक लावलेले असतात, आणि परकीय वाचकाला वाटते की हे पाच-सहा वेगळे शब्द योगायोगाने एका रूपात आले असावेत. तसे ते नाही. हातातून सोडून देणे हे त्या सर्वांच्या मुळाशी आहे. सोडलेले दाणे म्हणजे पेरणी, सोडलेला निरोप म्हणजे पाठवणी, आभाळाने सोडलेले पाणी म्हणजे पाऊस.

आपल्याकडे या तिन्हींना तीन शब्द आहेत, पण तिघांच्याही तोंडाशी तोच 'प्र' आहे. पाऊस, पाठवणे, पेरणे. आयरिशने जे एका धातूत गोळा केले ते मराठीने एका उपसर्गात जपले. या दोन भाषांत कोणतीही देवाणघेवाण झालेली नाही. म्हणूनच त्यांची एकवाक्यता मला मोलाची वाटते. धाडण्यावरून पेरण्याकडे जाणारी अर्थाची वाट भाषांना स्वाभाविकपणे सापडते, एवढे तीवरून म्हणता येते. एका बाबतीत मात्र मराठी वेगळी पडते. पेरणे आणि पुरणे यांना आयरिशमध्ये एकच शब्द पुरतो. आपण त्यांत एका मात्रेचे का होईना, अंतर ठेवले आहे.

दख्खनमध्ये ही वाट घेण्यास अवजारानेही हातभार लावला असावा, असा माझा तर्क आहे. 'वप्' म्हणजे विखुरणे. ती मुठीने बी फोकण्याची क्रिया. काळ्या जमिनीत ज्वारी अशी फोकत नाहीत. तेथे पाभर किंवा तिफण चालते. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत तिला कुरी म्हणतात आणि हा शब्द कानडीशी नाते सांगतो. पाभरीच्या वरच्या बाजूला लाकडी चाडे असते, चाड्याच्या तळाशी भोके, भोकांतून निघालेले पोकळ नळे खाली फणांच्या टाचेशी उतरलेले. बैल पुढे ओढत असतात, एक जण पाभर दाबून धरतो, आणि चाड्यावर मूठ धरणारे माणूस, बहुधा बाई, दाणे सारख्या वेगाने सोडत चालते. मूठ सैल पडली तर बी दाट पडते, आवळली तर ओळीत खंड पडतो आणि पुढे नांग्या भरत बसावे लागते. या रचनेत बी मातीवर टाकले जात नाही. ते हातातून चाड्यात, चाड्यातून नळ्यात, नळ्यातून तासात असे धाडले जाते, आणि ज्या क्षणी ते मातीला मिळते त्या क्षणी पेरणाऱ्याला ते दिसतही नसते. 'विखुरणे' हा शब्द या कामाला बसत नाही. 'प्रेरणे' बसतो.

दुसरी एक गोष्ट व्याकरणातली आहे. 'ज्वारी पेरली' असे आपण म्हणतो आणि 'शेत पेरले' असेही म्हणतो. बी आणि जमीन ही दोन्ही या क्रियापदाची कर्मे होऊ शकतात. पेरणीने जमिनीचीही अवस्था पालटते; पडीक आणि पेरलेले हे शेताचेच दोन प्रकार आहेत. आता याच क्रियापदाचा लाक्षणिक वापर पाहा. लेखकाने संवादात म्हणी पेरल्या, प्रतिमा पेरल्या, असे समीक्षक लिहितो. पण त्याने 'संवाद पेरला' किंवा 'कादंबरी पेरली' असे कोणी म्हणत नाही. बोलीतून समीक्षेत येताना या क्रियापदाने जमीन गमावली आणि फक्त दाणे आणले. परिणामी आपल्या टीकालेखनात पेरणे म्हणजे अधूनमधून शोभेचे काही घालणे, एवढाच अर्थ उरला. ज्यात घातले त्याची अवस्था बदलली की नाही, हा प्रश्नच त्या वाक्यरचनेत विचारता येत नाही.

याउलट समीक्षेबाहेरचा लाक्षणिक वापर मूळ अर्थाशी अधिक इमान राखून आहे. सुरुंग पेरतात; हिंदीत ते पसरले जातात, 'बिछाये' जातात. माणसे पेरतात : संपाच्या काळात सभेत मालकाची माणसे पेरलेली असत, असे गिरणगावातील वयस्क माणसे आजही सहज बोलून जातात. येथे माणूस रुजावा असा हेतू मुळीच नसतो. त्याला पुढे धाडलेले असते आणि आपण दूर राहून त्याच्याकडून काम व्हावे अशी अपेक्षा असते. बातमी पेरण्यामागे कदाचित इंग्रजीचे वळण असेल. सुरुंग आणि माणसे पेरण्यामागे ते शोधण्याची गरज दिसत नाही. 'प्रेरयति'चा अर्थ तेथे पुरेसा आहे.

आता गिरणगावाकडे वळतो. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा माणूस प्रामुख्याने कोकणातून आणि घाटावरून आला. मात्र तो गावाहून पुरता कधीच तुटला नाही. पावसाच्या तोंडावर खात्यांतली हजेरी रोडावणे ही गिरणी व्यवस्थापनांची जुनी तक्रार होती. औद्योगिक कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगाने (१९२९-३१) या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आणि असा निष्कर्ष काढला, की या माणसाला शहर ओढून आणत नाही, गाव त्याला ढकलून देते. तो प्रेरित होता, या शब्दाच्या मूळ अर्थाने.

'पेरणीला जातो' हे वाक्य एकाच चाळीत दोन अर्थांनी बोलले जाई, हेही नोंदवण्यासारखे आहे. साताऱ्याकडचा माणूस मृगाच्या सुमारास जाई, घात साधून पाभर चालवी आणि परते. कोकणातल्या माणसाची पेरणी म्हणजे राब भाजलेल्या तुकड्यावर भाताचे बी टाकणे; ते घरची माणसे उरकत. त्याला स्वतःला जावे लागे ते लावणीला : तरवा काढून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या खाचरात एकेक रोप लावण्यासाठी. एक परते तेव्हा दुसरा निघे. आमच्या मजल्यावर या दोन्ही प्रकारची बिऱ्हाडे होती आणि रजेच्या चिठ्ठीत मात्र दोघेही 'पेरणीसाठी' असेच लिहीत, कारण जॉबरला लावणी समजावून सांगण्यात अर्थ नसे.

रजा मिळाली नाही तर पैसे जात. टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि पुढे रत्नागिरीसारख्या जिल्ह्याचे वर्णनच मनिऑर्डरवर चालणारा जिल्हा असे होऊ लागले. मनिऑर्डरच्या अर्जावर मजकुरासाठी थोडीशी जागा सोडलेली असे. पैसे घेणाऱ्याला ते कुपन फाडून मिळे. माझे वडील १९८२ पर्यंत लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. आजीने जपलेल्या कुपनांवर दर वर्षी जवळपास एकच मजकूर आहे : 'पेरणीस पाठवले आहेत. पाऊस कसा ते कळवणे.' मी भाषेचा विद्यार्थी झाल्यावर कितीतरी वर्षांनी मला त्यात एकाच 'प्र'ची तीन रूपे दिसली. वडिलांना त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते आणि नसल्याने काही बिघडत नाही. महत्त्वाचे आहे ते हे, की त्यांच्या पिढीने पेरणे आणि पाठवणे या दोन क्रिया व्यवहारात पुन्हा एक केल्या होत्या. शेतापासून सव्वादोनशे किलोमीटर अंतरावर उभे राहून ते शेत पेरत होते. महादुष्काळानंतर आयर्लंड सोडून अमेरिकेत गेलेली मुले जे पैसे घरी पाठवीत त्यांवर मागे राहिलेल्यांची शेते टिकली. त्यांच्या भाषेत तर या दोन्हींना शब्दही एकच होता.

असे असताना मराठी समीक्षेने गिरणगावातून आलेल्या लेखनाला कोणत्या शब्दांत मोजले? ग्रामीण साहित्याच्या चर्चेत मातीला मध्यवर्ती स्थान मिळाले. आनंद यादव यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एकाचे नावच 'मातीखालची माती' (१९६५) असे आहे, आणि 'गोतावळा'मध्ये (१९७१) यंत्र आल्यावर जमिनीवरून उठून जावे लागणाऱ्या माणसाचे दुःख त्यांनी ज्या ताकदीने मांडले ते निर्विवाद आहे. देशीवादाच्या मांडणीने, विशेषतः भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर'नंतर (१९९०), भूमीशी असलेल्या संबंधाला मूल्याचा दर्जा दिला. त्याआधी कलावादी समीक्षेने कथाबीज, बीजरूप अनुभव, सेंद्रिय एकात्मता ही परिभाषा रूढ केली होती. हे पक्ष परस्परांचे विरोधक. पण एका गृहीतावर त्यांचे एकमत आहे. बीज एका जागी पडते, तेथेच रुजते, आणि त्याची किंमत त्या जागेशी असलेल्या नात्यावर ठरते. बीजात सर्व काही आधीच आहे असे एक पक्ष म्हणतो, मातीत आहे असे दुसरा म्हणतो. ते धाडणारा हात आणि हातापासून मातीपर्यंतचे अंतर यांचा विचार दोघांच्याही परिभाषेत नाही.

या परिभाषेपुढे गिरणगावाचे लेखन आले की ते 'मुळापासून तुटलेले' ठरते. खेडे सुटलेले आणि शहर न लाभलेले अशी त्याची व्याख्या नकारांनी होते, आणि ग्रामीण व महानगरीय या दोन प्रकरणांच्या मध्ये एखाद्या परिच्छेदात त्याची वासलात लागते. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत हे इतक्या वेळा घडले आहे की विद्यार्थी ते पाठ करून येतात. माझा आक्षेप या निष्कर्षाला आहे, आणि तो भावनेचा नाही. मूळ तुटणे म्हणजे शेतीचा शेवट, हे समीकरणच शेतीच्या दृष्टीने अज्ञानाचे आहे. कोकणात भाताचे रोप उपटल्याशिवाय लावणी होत नाही. राबातला तरवा तेथेच राहू दिला तर दाटीवाटीने वाढतो आणि धड पीक देत नाही. त्याला मुळासकट काढून दुसऱ्या खाचरात न्यावेच लागते. म्हणजे उपटणे हा तेथे लागवडीतील अपघात नसून तिची एक पायरी आहे. गिरणगावातील निम्मी माणसे ज्या मुलखातून आली त्या मुलखाची शेती जर समीक्षकाने पाहिली असती, तर 'उन्मळून पडलेला' हे विशेषण त्याने इतक्या सहजपणे वापरले नसते.

नारायण सुर्वे यांचे उदाहरण घेऊ. त्यांना सांभाळणारे गंगाराम सुर्वे गिरणीतून निवृत्त होऊन गावी परतले आणि पोरवयातले सुर्वे मुंबईतच मागे राहिले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. तिच्याकडे आजवर अनाथपणाची कथा म्हणून पाहिले गेले. तीत दुःख आहेच. पण 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहात जो आवाज ऐकू येतो तो जागा हरवलेल्याचा नाही. तो माणूस आपण ज्या रस्त्यावर सुटलो तो रस्ता पेरला गेल्यासारखा धरून बोलतो. 'शेत पेरले' या वाक्यरचनेतला, जमिनीची अवस्था पालटण्याचा अर्थ येथे लागू पडतो. सुर्व्यांनी मराठी कवितेत कामगाराचे अनुभव 'आणले', असे आपण शिकवतो. त्यांनी कवितेच्या जमिनीलाच काय केले, हे विचारावयाचे राहते, कारण आपल्या 'पेरणे'ला जमीन हे कर्म चालत नाही.

अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीची गोष्टही हीच. तिच्यातील विरह गावाच्या ओढीचा म्हणून वाचला जातो, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती सीमाभागाच्या विरहाची कशी झाली, हे मागाहून टिपणीसारखे जोडले जाते. वास्तविक वाटेगावहून आलेल्या माणसाने ती मुंबईत रचली आणि मुंबईतून राज्यभर धाडली. जी रचना निघालेल्या माणसाची आहे तिला मागे राहिलेल्या मातीच्या मापाने मोजल्यामुळे तिचा राजकीय अर्थ उपरा वाटू लागतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर चित्र पालटले, हे मान्य केले पाहिजे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या जूनमध्ये अनेक जण पेरणीला गावी गेले आणि त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. पैसे पाठवण्याची दिशा काही घरांपुरती उलटी झाली, गावाकडून तांदूळ आणि कडधान्य चाळीकडे येऊ लागले. येथे माझा सिद्धांत मला ताणावयाचा नाही. जे धाडले ते प्रत्येक वेळी मातीला मिळतेच असे नाही. दुबार पेरणी हा शब्द भाषेत उगाच आलेला नाही. जयंत पवार यांनी संपानंतरच्या गिरणी कामगार कुटुंबावर लिहिलेल्या नाटकाला 'अधांतर' (१९९७) हे नाव दिले. हातातून सुटलेले आणि जमिनीला न लागलेले, अशी ती अवस्था आहे. मुळे, माती, अंकुर यांच्या परिभाषेत या अवस्थेला नाव नाही. तिला 'उन्मूलन' म्हणावे लागते, आणि ते चूक आहे, कारण मूळ धरण्याआधीचीच ही स्थिती आहे. चाडे आणि तास यांच्यामधल्या नळ्याची आठवण ठेवणाऱ्या परिभाषेत मात्र तिला जागा आहे. पवारांचे नाटक आणि त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (२०१०) या संग्रहातील कथा मी वर्गात शिकवतो तेव्हा या एका मुद्द्यापाशी विद्यार्थी थांबतात, असा अनुभव आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो योग्य आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्द पूर्वी काय होता यावरून तो आज काय आहे हे ठरत नाही. तसे ठरवू लागलो तर केशवपनात बी शोधावे लागेल. म्हणूनच 'पेरणे'चा अर्थ 'प्रेरणे' असा आहे, एवढ्यावर मी थांबलेलो नाही. ऊस पेरत नाहीत हा प्रयोग, शेत पेरतात ही वाक्यरचना, माणसे आणि सुरुंग पेरण्याची लक्षणा, पाभरीची रचना आणि कुपनावरचा मजकूर हे पुरावे आजच्या किंवा कालपरवाच्या मराठीतले आहेत. व्युत्पत्ती त्यांना फक्त एका सुतात आणते. ती उद्या चुकीची ठरली तरी गिरणगावाच्या साहित्याविषयीचा माझा आक्षेप कायम राहील. थोडा अनाकर्षक होईल, इतकेच.

'प्रेरणा' या शब्दाबद्दलही थोडे सांगावयाचे राहिले. आपल्या प्रश्नपत्रिकांत प्रेरणा ही लेखकाच्या मागे असते : आंबेडकरी विचाराची प्रेरणा, मार्क्सवादाची प्रेरणा, अमुक चळवळीची प्रेरणा. उत्तरात विद्यार्थी त्यांची यादी देतो. पाठीमागून मिळालेली ढकल एवढाच अर्थ त्यात उरतो, आणि ती ढकल घेऊन लेखन पुढे कोणाकडे निघाले, हे यादीबाहेर राहते. 'प्रेर्' या धातूतला जोर मात्र पुढच्या दिशेचा आहे. 'पेरणा' असा शब्द मराठीत नाही हे खरे. पण असता, तर त्याला मागचे आणि पुढचे दोन्ही विचारता आले असते. हे सुचले त्याच रात्री मी ती उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहावयाचे ठरवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा गठ्ठा लाखबंद होऊन पुढे रवाना झालेला होता, आणि अर्धा गुण कापलेला तसाच राहिला.